जिनिंगच्या दारात कोण बसलं होतं

मी भुताखेताचा माणूस नाही. आधीच सांगून ठेवतो, मागून कोणी म्हणायला नको. बडनेऱ्याच्या जुन्या वस्तीत माझं बिछायत केंद्र आहे. लग्न, साक्षगंध, बारसं, तेरवी — गाद्या, सतरंज्या, कनाती, खुर्च्या भाड्यानं द्यायचा धंदा. उभा जन्म यातच गेला. ज्या घरात काल माणूस मेलं त्या घराच्या अंगणात मी सतरंजी टाकून घोरलो आहे. मसणवटीला लागून मंडप टाकले आहेत. भूत असतं तर पहिले मलाच दिसलं असतं... तसा धंदाच आहे माझा.

तुमच्या पेपरातलं हे भुताच्या अनुभवांचं सदर मी न्हाव्याच्या दुकानात बसून वाचतो आणि अर्ध्या गोष्टींवर हसतो. शाळा चौथीपर्यंत. लिहायची सवय नाही. पण हे तोंडानं सांगायला गेलो की लोक म्हणतात, बायको गेल्यापासून बुढ्याचं डोकं सरकलं. म्हणून लिहून राहिलो. पटलं तर घ्या, नाही पटलं तर पान पलटवा.

बायको गेली दिवाळीनंतर. कमल नाव तिचं, पण नावानं मी कधी हाक मारली नाही. नवीन लग्न झालं तेव्हापासून मी तिला बुढी म्हणायचो आणि ती मला बुढा. गेली तेव्हा दोघंही खरंच तसे झालो होतो. सकाळी गादी शिवत बसली होती, दुपारी दवाखान्यात, संध्याकाळी नाही. संपलं.

गाद्या शिवायचं काम तिचं. कार्यक्रमातून गादी परत आली की कुठं ना कुठं उसवलेली असतेच. ती दारात बसायची, मांडीवर गादीचा कोपरा, हातात दाभण. टाका तिचा लगेच ओळखू येतो — एक लांब, एक आखूड, पुन्हा एक लांब, एक आखूड. असं काहून, म्हटलं तर म्हणे, "हात तसाच चालते." दोऱ्याला कैची कधी लावली नाही. दातानं तोडायची.

तिच्या तेरवीला माझ्याच गाद्या होत्या. दुसऱ्याकडून कशाला आणायच्या? पांढऱ्या खोळी चढवल्या, सकाळी उठून मीच अंथरल्या. लोक बसले, जेवले, गेले. जाताना एकमेकांत बोलत होते की बुढा दगडाचा आहे, डोळ्यात थेंब नाही. खरं होतं ते. मी अडवलं होतं असं नाही, आलंच नाही. पोरगी पुण्याला असते, तिचं फोनवर रोज एकच — "बाबा, एकदा रडून घ्या, मोकळं वाटेल." रडणं काय नळाचं पाणी आहे, तोटी फिरवली की आलं? इकडे छातीत कापसाचा बोळा दाबून भरल्यासारखं व्हायचं. बसल्या बसल्या धाप लागायची. डॉक्टरनं ईसीजीची पट्टी काढली, म्हणे हृदय ठीक आहे. मग हे काय आहे म्हटलं तर त्यानं झोपेची गोळी दिली. ती घेऊनही तेच. धंदा बंद केला. गोदामाला कुलूप.

तर मे महिना लागला. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. शटरं खाली, घराघरात कूलर चालू, अख्खं गाव आडवं. अशात कोणी कडी वाजवली. उघडतो तर एक पोरगी आणि एक हाडकुळा पोट्टा. पोरीचं अर्धं डोकं भादरलेलं, अर्ध्यावर केस. काळा शर्ट, त्याला जागोजागी सेफ्टी पिना टोचलेल्या. मला वाटलं शर्ट फाटला असेल बिचारीचा.

"आबाजी, गाद्या पायजे होत्या."

"बंद आहे."

"जुन्या बी चालतीन. आजी कुठी आहे? त्यायले माहीत आहे."

"आजी गेली."

"कुठी गेली?"

फोटोला घातलेला हार दारातून दिसत होता. तिनं तिकडे पाहिलं आणि तिथंच पायरीवर बसली, तापलेल्या फरशीवर. बराच वेळ उठली नाही. मग म्हणाली, "मागच्या उन्हाळ्यात आजीनंच देल्ल्या होत्या गाद्या. तुमी लग्नाच्या ऑर्डरवर दर्यापूरले होते. स्वतः आली होती आमच्यासंगं. दारात बसून शिवत होती. म्हणे आत डोकं दुखते, दारातूनच ऐकतो."

"मले तं सांगतलं नाही."

"म्हणे बुढ्याले सांगू नका, बडबड करते."

हे तिचंच बोलणं. पोरगी खोटं बोलत नव्हती.

या पोरीचं नाव रेणू. अकोल्याची, बाप भाजी विकतो. ती गाणं म्हणते आणि ह्या पोरापोरींचा एक बँड आहे. नाव काय, तर कुटार. सोयाबीन काढल्यावर जो भुसा उरतो, ढोरांपुढे टाकतात, ते कुटार. असं नाव कोणी ठेवते का, म्हटलं. म्हणे, "आमाले सगळे तेच समजतेत, मंग आमीच ठेवलं."

"कोणतं गाणं वाजवता? भजन?"

"पंक म्हणतेत त्याले आबाजी. रागाचं गाणं राहते."

"राग कोणाचा?"

"सगळ्याचाच."

गाद्या त्यांना बसायला नको होत्या. भिंतीला बांधायच्या होत्या, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. भातकुली रोडला एक जिनिंग आहे, कापसातून सरकी काढायचा कारखाना, हंगाम संपला की बंद. चौकीदार रेणूच्या मामाच्या ओळखीचा. सगळं चोरून चालायचं. हॉल यांना कोणी देत नाही. गच्चीवर वाजवलं तर शेजारी पोलिसाला फोन करतो. आणि मोठी भीती मंडळवाल्या पोट्ट्यांची. ह्यांच्या मिरवणुका, ह्यांचा डीजे, त्यात वेगळं कोणी काही केलं की ह्यांच्या पोटात दुखते. मागे या बँडमधल्या एका पोराला धरून त्याचे केस कापले होते आणि व्हिडिओ काढून फिरवला होता. तोच हा हाडकुळा. तो ड्रम वाजवतो. म्हणून कार्यक्रम भर दुपारी. गाव झोपलेलं, कूलरच्या घरघरीत कोणाला काही ऐकू येत नाही, आणि पोरींना दिवे लागायच्या आत अकोल्याच्या गाडीत बसता येते.

न्हाव्याकडे मी हे आधी ऐकलं होतं, पण वेगळं. काळे कपडेवाले कुठंतरी जमतात, कोंबडं कापतात, रक्त पितात. मी गेलो तेव्हा ते लिंबू सरबत पीत होते. बादलीत बर्फाची लादी टाकलेली आणि एकच गिलास.

गेलो, कारण बुढीनं दिल्या होत्या तर मी नाही कसं म्हणणार. आणि गाद्या पोरांच्या भरवशावर सोडायच्या नव्हत्या. लोडिंग ऑटोत भरून नेल्या. खोळी पांढऱ्याच. लाल खोळी पेटीत होत्या, पण घरात वर्ष व्हायचं होतं, त्या काढायला हात होईना.

बांबू आडवे बांधून कनातीसारख्या गाद्या लटकवल्या. खाली सतरंजी टाकली आणि सगळ्यांना सांगितलं, चपला-बूट बाहेर. त्या उन्हात एकेकानं नडगीएवढे बूट घातलेले. कुरकुर केली, पण काढले. दाराबाहेर ढीग झाला. दाराजवळची एक गादी कोपऱ्यात उसवलेली निघाली, कापूस लोंबत होता. ड्रमवाला पोट्टा म्हणे, "आबाजी, हे शिवून टाका, नाहीतर माह्या नाकात जाते."

"शिवणारी गेली," म्हटलं.

तो मान खाली घालून बांबूची गाठ आवळायला लागला. मग मलाच वाईट वाटलं.

गाणं सुरू झालं. काय सांगू... जिन्यावरून कोणी भांड्यांचं पोतं लोटून द्यावं आणि मागून स्वतःही पडावं, तसा आवाज. पत्रे थरथरत होते. मी सतरंजीवर मागे बसलो होतो, पाठ दाराकडे, तोंड त्यांच्याकडे. सगळे पोरंपोरी माझ्या पुढे, उड्या मारून राहिले होते. निघून जावं असं दोनदा वाटलं. पण उन्हात कुठं जाणार, आणि घरी जाऊन तरी काय.

मग रेणूनं एक गाणं घेतलं. त्यात एकच शब्द पुन्हा पुन्हा — काहून. ती एकेक ओरडायची. बाप म्हणते केस वाढव. सगळे ओरडायचे, काहून. शेजारी म्हणते हळू बोल. काहून. मास्तर म्हणते इथं बसू नको. काहून. सूर नाही, ताल कळत नाही, पण ते काहून असं पोटातून येत होतं की माझे ओठ हलायला लागले. पहिले मनातच म्हटलं. मग तोंडानं. सकाळी शिवत बसली होती ना चांगली. काहून? मला चहा ठेवून देते म्हणाली होती. काहून?

आणि मग कळलं की माझं तोंड उघडं आहे, आवाज निघून राहिला आहे आणि तो मलाच ऐकू येत नाही. ड्रम इतका मोठा. अंग गदगदा हलत होतं. गुडघ्यावर डोकं टेकवलं आणि जे दिवाळीपासून दाबलेलं होतं ते सगळं निघालं. लेकरासारखा रडलो म्हणतात तसं नाही... ढोरासारखा. पुढे नाचणाऱ्यांपैकी एकानंही मागे पाहिलं नाही. गाणं संपायच्या आधी दुपट्ट्यानं तोंड पुसून घेतलं. रेणूनं नंतर विचारलं, "कसं वाटलं आबाजी?" म्हटलं, "डोकं दुखलं." ती हसली. त्या रात्री गोळी न घेता झोपलो.

इथपर्यंत यात काही नाही. म्हातारा माणूस रडला, झालं.

दुसऱ्या दिवशी गाद्या ऑटोतून उतरवून ओसरीत टाकल्या होत्या, अजून पाहिल्या नव्हत्या. दुपारी बंटी आला. बंटी म्हणजे नव्या वस्तीतल्या एका मंडळाचा म्होरक्या, आडवा-तिडवा गडी. लहान होता तेव्हा मंडळाच्या गाद्या न्यायला यायचा आणि ढिगावर झोपून जायचा. मध्ये हैदराबादला कामाला होता, होळीला परत आला. चप्पल बाहेर काढली, टोपी घातली होती ती हातात घेतली, आणि गुपचूप बसला. मरणाच्या घरी बसायला येतात तसा. मला वाटलं, उशिरा का होईना आला.

"काका, काल चुकी झाली आमची," तो म्हणाला.

"कोणती चुकी?"

"आमाले मॅसेज आला का काळे कपडेवाले जिनिंगमंधी जमले आहेत. आमी गेलो. दांडे घेऊन गेलो, आता खोटं काहून बोलू. जाऊन पाहतो तं बाहेर चपलांचा ढीग, आतमंधी पांढऱ्या खोळी. म्हटलं हे तं तेरवीचं दिसते, कोणीतरी चुकीचा मॅसेज देल्ला. दांडे तिथंच खाली टाकले."

मला हसू आलं. गाद्यांच्या खोळी आणि चपला पाहून पोट्टे फसले होते. "मग गेले परत?"

"लगेच नाही. काकू दारात बसल्या होत्या ना, तसंच कसं जाणार. बोललो त्यायच्याशी."

"कोण काकू?"

"आता कोण काकू म्हणजे... आपल्या काकू. गादी शिवून राहिल्या होत्या. मी विचारलं, काकू, कोण गेलं? त्यायनं दातानं दोरा तोडला आन् म्हणे, घरचंच माणूस. मंग माह्याकडे पाहून म्हणे, ढोल्या, दांडे घेऊन कोणाच्या दारात येतेत काय? लाज वाटली काका."

ढोल्या त्याला फक्त ती म्हणायची. मला वाटलं हा माझी मजा घेऊन राहिला. हात उचलणार होतो त्याच्यावर. पण त्याचं तोंड तसं नव्हतं.

"आन् आत काय चालू होतं?" मी विचारलं.

"काहीच नाही. एकदम शांत. फक्त एक माणूस रडून राहिला होता."

"कसा?"

"मोठ्यानं. बुढा माणूस रडते तसा. काहून, काहून म्हणून राहिला होता. आमच्यातल्या एकाचा बाप याच वर्षी गेला, तो तं ऐकून खालीच बसला. मंग आमी निघालो. तसं ऐकत कोण थांबन?"

मी त्याला दंडाला धरून आतल्या खोलीत नेलं आणि फोटोपुढे उभं केलं. त्यानं फोटो पाहिला, हार पाहिला, माझ्याकडे पाहिलं. पाणी मागितलं. दिलं. गिलास खाली ठेवून म्हणाला, "काका, मी पिऊन नव्हतो."

"माहीत आहे."

"आमी सगळ्यायनं पाह्यलं. बाकीचे काकूले ओळखत नाही, पण पाह्यलं. विचारा कोणाले बी."

"अजून काही बोलली?"

तो आठवत बसला. "म्हणे, लेकरायच्या कार्यक्रमाले पांढऱ्या खोळी देल्ल्या, या बुढ्याले अक्कल नाही. मले वाटलं दुःखात काही बी बोलून राहिल्या."

"माह्यासाठी काही?"

"नाही काका. तेवढंच."

तो गेल्यावर मी ओसरीत आलो. दाराजवळची गादी शोधली. कोपरा शिवलेला होता. एक लांब, एक आखूड, एक लांब, एक आखूड. शेवटी दोरा जरा चपटा, दातानं तोडल्यावर होतो तसा. कितीतरी वेळ त्यावर बोट फिरवत बसलो. रेणूला फोन केला. म्हणे, "आमच्यात कोणाले शर्टाचं बटन लावता येत नाही आबाजी, गादी कोण शिवन?"

मी माझ्या परीनं डोकं चालवून पाहिलं. ऊन माणसाला काहीही दाखवते, मान्य. खोळी पांढऱ्या, चपलांचा ढीग, म्हणून तेरवी वाटली, तेही मान्य. मागच्या वर्षी ती त्याच दारात बसली होती, तिथलं कोणी बंटीला बोललं असेल, तेही धरून चालू. शिलाई माझ्याच लक्षात नसेल, तिनंच जिवंतपणी केली असेल... पण मग ड्रमवाल्याच्या नाकात कापूस कुठून जात होता? आणि आत पत्रे हलत होते त्या वेळेला बाहेर शांत कसं? मी रडलो हे माझ्याशिवाय कोणालाच माहीत नव्हतं. माझ्यासमोर नाचणाऱ्यांना माहीत नव्हतं. माझा मला ऐकू आला नाही तो आवाज दांडे घेऊन आलेल्या पोट्ट्यांना कसा ऐकू आला? तेवढा एकच?

पुढं भांडण तसं मिटलं. बंटी म्हणतो, त्यांचं गाणं म्हणजे कचरा आहे, पण त्या जिनिंगकडे आमचा कोणी फिरकणार नाही. एवढं चांगलं झालं.

माझं मात्र वेगळंच आहे. जो दांडा घेऊन आला त्याला दिसली. त्याच्याशी बोलली, त्याला रागावली. मी आत, दहा पावलांवर, तिच्यासाठीच ओरडत होतो आणि पाठ करून बसलो होतो. मागे वळून पाहिलं असतं तर...

शाळा उघडायच्या आधी त्यांचा अजून एक कार्यक्रम झाला. या वेळेला मी पेटी उघडली आणि लाल खोळी चढवल्या. वर्ष व्हायचं आहे, लोक काय म्हणायचे ते म्हणोत. दाराजवळच्या गादीचा एक कोपरा मी स्वतः ब्लेडनं उसवला. जवळ खुर्ची ठेवली. दाभणात दोरा ओवून ठेवला — डोळ्यानं धड दिसत नाही, लय वेळ लागला. आणि कार्यक्रमभर तोंड दाराकडे करून बसलो. मागे रेणू ओरडून राहिली होती, पोरं काहून काहून करून राहिली होती, मी दाराकडे पाहून राहिलो होतो. बाहेर ऊन होतं. एक कुत्रं आलं, खुर्चीच्या सावलीत बसलं, उठून गेलं.

गादी घरी आणली तेव्हा उसवलेलीच होती. रडूही आलं नाही त्या दिवशी.

हे काय आहे ते मला समजलेलं नाही. तुमच्यापैकी कोणाला समजत असेल तर कळवा, हसायचं असेल तर हसा, मीही हसायचो. ती गादी मी तशीच ठेवली आहे. मलाही शिवता येते, पण नाही शिवली. पुढच्या कार्यक्रमाला मोठी गादी नेणार आहे, चारही बाजूंनी उसवून. एवढ्याशा कोपऱ्यासाठी ती कशाला येईल.